नायक चुकतो तेव्हा प्रेक्षक काय करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोज रात्री ज्याची वाट पाहायची, तो मालिकेतला माणूस एके दिवशी खोटे बोलतो, कुणाला फसवतो किंवा कुणाचा जीव घेतो, आणि घराघरांत वाद सुरू होतात. या वादांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत. त्यांत अनेक मालिकांची कथानके आणि शेवट उघड झाले आहेत, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

वाईट वागतो तो खलनायक. मग त्याला नायक का म्हणायचे?

मराठीत ‘नायक’ या शब्दाला अजूनही सद्गुणांचा वास आहे, त्यामुळे ही शंका स्वाभाविक आहे. इथे मात्र नायक म्हणजे मालिका ज्याच्या सोबतीने चालते ती व्यक्ती, मग ती भली असो वा नसो. ‘द सोप्रानोज’मधला न्यू जर्सीचा गुंड टोनी, ‘ब्रेकिंग बॅड’मधला रसायनशास्त्राचा शिक्षक वॉल्टर व्हाइट, ‘रात्रीस खेळ चाले’मधले अण्णा नाईक आणि ‘तुला पाहते रे’मधला विक्रांत सरंजामे हे या अर्थाने नायक आहेत. चित्रपटांचे अभ्यासक मरे स्मिथ यांनी 1995 मध्ये एक उपयुक्त भेद मांडला होता. एखाद्या पात्राबरोबर चालणे, त्याला जे दिसते आणि कळते ते आपल्यालाही दिसणे, ही एक गोष्ट आहे. त्या पात्राच्या बाजूने मनाने उभे राहणे ही दुसरी. पहिल्या गोष्टीतून दुसरी नकळत कशी उपजते, हेच या साऱ्या चर्चेचे मूळ आहे.

खून करणाऱ्यालाही प्रेक्षक माफ का करतात?

कारण प्रेक्षक न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून मालिका पाहत नाहीत. त्यांनी त्या माणसाला सकाळचा चहा घेताना, मुलीशी भांडताना, डॉक्टरकडे रडताना पाहिलेले असते. ज्याचा खून होतो त्याला मात्र जेमतेम पाच मिनिटे पाहिलेले असते. ओळखीच्या माणसाचा गुन्हा आणि परक्या माणसाचा मृत्यू यांची तुलना आपण प्रत्यक्षातही निष्पक्षपणे करत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण 7 फेब्रुवारी 1999 रोजी प्रसारित झालेला ‘द सोप्रानोज’चा पाचवा भाग आहे. टोनी आपल्या मुलीला महाविद्यालये दाखवायला मेन राज्यात घेऊन गेलेला असतो. वाटेत त्याला टोळीशी गद्दारी करून नाव बदलून राहणारा एक जुना माणूस दिसतो, आणि मुलगी मुलाखतीला गेलेली असताना टोनी त्याचा तारेने गळा आवळतो. नायक आपल्या हातांनी, इतक्या जवळून आणि इतका वेळ घेऊन खून करतो, हे त्या काळच्या अमेरिकी दूरचित्रवाणीला नवीन होते. एचबीओ वाहिनीचे वरिष्ठ ख्रिस अल्ब्रेक्ट यांना प्रेक्षक टोनीला टाकून देतील अशी भीती वाटत होती. मालिकेचे निर्माते डेव्हिड चेस यांचे म्हणणे नेमके उलटे होते: असा गद्दार समोर दिसूनही टोनीने त्याला सोडले, तर टोनी हा टोनीच उरणार नाही आणि प्रेक्षकांचा त्याच्यावरचा विश्वास उडेल. तडजोड म्हणून तो गद्दार अजूनही धोकादायक आहे असे दाखवण्यात आले, पण खून राहिला. प्रेक्षक गेले नाहीत, आणि या भागाच्या लेखनाला त्या वर्षीचा एमी पुरस्कार मिळाला.

चेस यांचा तो अंदाज मला आजही सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यांनी ओळखले होते की प्रेक्षक नायकाकडे सदाचार मागत नाहीत, तो जसा आहे तसाच राहावा एवढे मागतात. गुन्हा पचतो, फसवणूक पचत नाही, आणि इथे फसवणूक म्हणजे नायकाने दुसऱ्या पात्राची केलेली नव्हे, तर मालिकेने प्रेक्षकांची केलेली. पुढची बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीभोवती फिरणारी आहेत.

आधी माया लागली की आधी पाप कळले, याने फरक पडतो का?

फार पडतो. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये जेमी लॅनिस्टर पहिल्याच भागात एका लहान मुलाला बुरुजाच्या खिडकीतून ढकलून देतो. याहून वाईट पहिली ओळख कोणती असणार? तरीही 2013 मधल्या तिसऱ्या पर्वात, एक हात गमावलेला जेमी गरम पाण्याच्या हौदात बसून आपण पूर्वी एका राजाला का मारले ते सांगतो, तेव्हा अनेक प्रेक्षकांचे मत पालटले. पाप आधीच खात्यावर मांडलेले होते, त्यामुळे पुढे दिसलेला प्रत्येक चांगुलपणा जमेची बाजू ठरला.

त्याच मालिकेत डेनेरिसची गोष्ट उलट्या दिशेने गेली. आठ वर्षे प्रेक्षकांनी तिला गुलामांना मुक्त करणारी राणी म्हणून पाहिले. 12 मे 2019 च्या भागात शहर शरण आल्याच्या घंटा वाजत असताना तिने ड्रॅगनवरून ते शहर जाळले, आणि संताप उसळला. पण थोडे मागे जाऊन पाहिले तर मीरीन शहरातल्या 163 मालकांना तिने खांबांवर खिळले होते, आणि गुडघे टेकायला नकार देणाऱ्या पितापुत्रांना जिवंत जाळले होते. ते सारे आपण पाहिले होते, काहींनी टाळ्या वाजवत पाहिले होते. मरणारे लोक वाईट आहेत असे आपल्याला सांगितले गेले होते, एवढाच फरक होता.

‘तुला पाहते रे’मध्ये नेमके काय घडले होते?

ऑगस्ट 2018 मध्ये झी मराठीवर सुरू झालेल्या या मालिकेत चाळिशी ओलांडलेला उद्योगपती विक्रांत सरंजामे आणि त्याच्याहून सुमारे वीस वर्षांनी लहान असलेली, साध्या घरातली ईशा निमकर यांची प्रेमकथा होती. सुबोध भावे यांचा विक्रांत श्रीमंत असूनही साधा, बोलायला मृदू, माणसे जपणारा होता. वयातल्या अंतरावर विनोद भरपूर झाले, पण ते विनोद करणारेही साडेआठ वाजता टीव्हीसमोर असत.

पुढे कळले ते असे की विक्रांत हा मुळात गजेंद्र पाटील नावाचा महत्त्वाकांक्षी तरुण होता, सरंजामे घराण्याची संपत्ती मिळवण्यासाठी त्याने राजनंदिनीशी लग्न केले होते आणि तिचा जीव घेतला होता. ईशा ही राजनंदिनीचाच पुनर्जन्म होती. म्हणजे ज्या साधेपणावर प्रेक्षक भाळले होते, तोच साधेपणा हे त्याचे हत्यार होते.

डोंबिवलीत राहणारी माझी आत्या ही मालिका न चुकता पाहत असे. जेवणाचे ताट मांडीवर, आवाज मोठा आणि मध्ये कुणी बोलायचे नाही, असा तिचा नियम होता. कथा फिरल्यावर ती पहिल्यांदा म्हणाली, “हे सगळं त्या झेंडेचं काम असणार.” झेंडे हा विक्रांतचा विश्वासू माणूस. मग आठवडाभर तिने राजनंदिनीतच काहीतरी खोट शोधली. तेही जमेना तेव्हा एक गंमत झाली, आणि ती मला फार नंतर लक्षात आली. तोवर ती त्या माणसाला ‘विक्रांत’ म्हणत होती. “विक्रांत आज दमलेला दिसतोय”, इतक्या आपलेपणाने. आता ती म्हणू लागली, “सुबोधला असलं काम का दिलं?” विक्रांत हातचा गेला, हे तिला मान्य झाले होते, पण जीव लावलेला माणूस वाचवायचा होता, म्हणून तिने अभिनेत्याला पात्रातून अलगद बाहेर काढून घेतले. मालिका पाहणे तिने सोडले नाही.

प्रेक्षकांना आधी अंधारात ठेवणे हे लेखकाचे कौशल्य नाही का?

आहे, पण ते महागात पडू शकते. 1956 मध्ये डॉनल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी पडद्यावरच्या व्यक्तींशी प्रेक्षकांचे जे एकतर्फी, पण खरेखुरे वाटणारे नाते जुळते त्याचे वर्णन केले होते. रोजच्या मालिकेत हे नाते आठवड्यातून पाच-सहा वेळा खतपाणी घालून वाढवले जाते. अशा नात्यात मोठे गुपित उघड झाले की माणूस आधी गुपिताचा विचार करत नाही. “मला इतके दिवस कळले कसे नाही” हा अपमान आधी लागतो, आणि ती चीड लेखकावर, वाहिनीवर, कधी कधी तर घरात आधीच शंका घेणाऱ्या जावेवर निघते.

वॉल्टर व्हाइटने तर काहीच लपवले नव्हते. मग त्याचे चाहते शेवटपर्यंत त्याच्या बाजूने का राहिले?

जानेवारी 2008 ते सप्टेंबर 2013 या काळात पाच पर्वांतून आणि 62 भागांतून आलेली ही मालिका या विषयातले पाठ्यपुस्तकच आहे. कर्करोग झालेला एक पापभीरू शिक्षक कुटुंबासाठी पैसा जमवायला अमली पदार्थ बनवू लागतो आणि हळूहळू गुन्हेगारीच्या शिखरावर पोहोचतो. निर्माते व्हिन्स गिलिगन यांनी आरंभापासूनच ठरवले होते की नायकाचा खलनायक करायचा. अडचण अशी झाली की अनेक प्रेक्षकांनी ते रूपांतर मान्यच केले नाही.

2009 मधल्या दुसऱ्या पर्वातले एक दृश्य जवळून पाहू. वॉल्टर रात्री आपला जोडीदार जेसी याच्या घरात शिरतो. जेसी आणि त्याची मैत्रीण जेन हेरॉइनच्या नशेत झोपलेले आहेत. जेनने वॉल्टरला पैशांवरून धमकावलेले आहे. तो जेसीला उठवण्यासाठी हलवतो, त्या धक्क्याने कुशीवर झोपलेली जेन पाठीवर वळते आणि थोड्या वेळाने तिला झोपेतच उलटी होते. ती गुदमरू लागते. वॉल्टर झटकन पलंगापलीकडे धावतो, हात पुढे करतो, आणि थांबतो. पुढचे काही क्षण कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरच राहतो. त्याचा हात तोंडाकडे जातो, डोळे भरून येतात, ओठ थरथरतात, आणि तेवढ्यात ती मेलेली असते.

या दृश्यात त्याने काहीच केले नाही, हीच त्याच्या समर्थकांची पहिली ओळ असते. दुसरी ओळ अशी की ती तशीही नशेने मेलीच असती. तिसरी अशी की ती त्याला ब्लॅकमेल करत होती. चौथी, आणि मला सर्वांत प्रामाणिक वाटणारी, ओळ अशी की तो रडला. वॉल्टर साकारणाऱ्या ब्रायन क्रॅन्स्टन यांनी ते रडणे इतके खरे केले आहे की आपण मरणाऱ्या मुलीकडे पाहायचे विसरून न वाचवणाऱ्याच्या दुःखाकडे पाहत राहतो. पुढे जेनचे वडील, जे विमान वाहतूक नियंत्रक असतात, शोकाच्या भरात कामावर चूक करतात, दोन विमानांची टक्कर होते आणि 167 माणसे मरतात. मालिका हिशेब मांडून दाखवते, पण ही 167 माणसे आपल्या ओळखीची नसतात.

यात वेगाचाही भाग आहे. डेनेरिस एका भागात कड्यावरून खाली पडली, वॉल्टर जिन्याच्या एकेका पायरीने उतरला. प्रत्येक पायरीला कारण होते, आणि मागची पायरी उतरताना आपण हरकत घेतली नव्हती, तर पुढचीला कोणत्या तोंडाने घ्यायची?

चूक नायकाची आणि राग त्याच्या बायकोवर, असे का होते?

‘ब्रेकिंग बॅड’मध्ये वॉल्टरची पत्नी स्कायलर हिला प्रेक्षकांकडून मिळालेला द्वेष हा या विषयातला सर्वांत लाजिरवाणा अध्याय आहे. तिने नवऱ्याला जाब विचारला, मुलांना त्याच्यापासून दूर ठेवायचा प्रयत्न केला, एका परपुरुषाशी संबंध ठेवले आणि पुढे पैसे पांढरे करायला मदतही केली. तिच्या संबंधांवर तुटून पडणारे अनेक लोक, तोवर माणसे मारून चुकलेल्या वॉल्टरला सहानुभूती देत होते. ही भूमिका करणाऱ्या ॲना गन यांनी ऑगस्ट 2013 मध्ये न्यू यॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सांगितले की हा द्वेष पात्रापुरता उरला नसून प्रत्यक्ष त्यांच्यापर्यंत, अगदी त्यांना मारण्याच्या भाषेपर्यंत पोहोचला आहे. त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षीही त्यांना या भूमिकेसाठी एमी पुरस्कार मिळाला.

स्त्रीद्वेष हे यामागचे कारण आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दुसरेही कारण आहे, आणि ते समजण्यासाठी ‘माझ्या नवऱ्याची बायको’ आठवावी. 2016 ते 2021 या काळात चाललेल्या या मालिकेत गुरुनाथ बायकोला फसवतो आणि राधिका त्याला धडा शिकवते. स्कायलर काय किंवा राधिका काय, दोघीही फसवल्या गेलेल्या बायका आहेत. राधिकाला मात्र महाराष्ट्राने डोक्यावर घेतले, तिच्या मसाल्यांच्या तीनशे कोटींच्या कंपनीची थट्टाही प्रेमाने केली, कारण मालिका तिच्या सोबत चालत होती. स्कायलर प्रत्येक वेळी दाराच्या पलीकडून आत येते आणि नायकाचा चाललेला खेळ मोडते. आपण ज्याच्या सोबत आहोत त्याला अडवणारा माणूस बरोबर असला, तरी तो अडसरच वाटतो. नवरा नायक असेल तर बायको कटकटी, आणि बायको नायिका असेल तर नवरा नालायक. प्रेक्षक तेच असतात.

अण्णा नाईक इतके लाडके कसे झाले?

2016 मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली तेव्हा अण्णा आरंभीच मरतात, आणि त्यांच्याविषयी आपल्याला जे कळते ते घरच्यांच्या भीतीतून कळते. जानेवारी 2019 मध्ये आलेल्या दुसऱ्या पर्वाने मागे जाऊन जिवंत अण्णा दाखवले: बायकोला मारणारे, जमिनी लाटणारे, परस्त्रीच्या मागे लागणारे, खून पचवणारे. म्हणजे पापांची यादी प्रेक्षकांच्या हातात आधीपासूनच होती. लपवाछपवी नसल्यामुळे विश्वासघाताचा प्रश्नच नव्हता, आणि लोक निर्धास्तपणे माधव अभ्यंकरांच्या नजरेची, मिशीची आणि मालवणी हेल काढलेल्या दरडावणीची मजा घेऊ शकले. सावंतवाडीजवळ आकेरीत जिथे चित्रीकरण झाले तो वाडा पाहायला पर्यटक जाऊ लागले.

मात्र एका गोष्टीची रुखरुख राहते. अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता या जोडीच्या प्रेमात पडलेल्या प्रेक्षकांना अण्णांच्या पत्नीच्या, माईंच्या, अंगावरचे वळ फार काळ लक्षात राहिले नाहीत. माई सोसत होत्या, आणि सोसणाऱ्या माणसाकडे आपण मालिकेतही फार वेळ पाहत नाही.

‘देवमाणूस’चा नायक तर सरळ खुनीच होता. त्याचेही चाहते होते का?

होते. ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत किरण गायकवाड यांनी साकारलेला बोगस डॉक्टर अजितकुमार देव गावाच्या दृष्टीने देवमाणूस असतो आणि आपल्याला मात्र तो खुनी आहे हे माहीत असते. इथे प्रेक्षक प्रेमाने नव्हे, तर ‘हा आज कसा सुटतो’ या उत्सुकतेने बांधले गेले होते. सुटकेची उत्सुकता आणि सुटावे ही इच्छा यांच्यात किती बारीक रेघ असते, हे पोलीस दारापर्यंत येतात तेव्हा आपल्याच छातीत धडधडू लागले की कळते.

समर्थक जी कारणे देतात ती सगळीकडे सारखीच असतात का?

बव्हंशी होय. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बंडुरा यांनी माणसे स्वतःच्या वाईट कृत्यांची टोचणी कशी बोथट करतात याचे वर्णन केले आहे: उदात्त हेतू सांगणे, कृत्याला सौम्य नाव देणे, आणखी वाईट माणसाशी तुलना करणे, जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणे, परिणाम लहान करून सांगणे आणि बळी पडलेल्यालाच दोष देणे. चाहते ही सगळी हत्यारे आपल्या नायकासाठी वापरतात. “कुटुंबासाठी केलं” हा उदात्त हेतू, “गस तर याच्याहून वाईट आहे” (गस हा वॉल्टरच्या धंद्यातला बडा गुन्हेगार) ही तुलना, “तिनेच डिवचलं” हा दोष. गंमत अशी की ‘ब्रेकिंग बॅड’च्या शेवटच्या भागात खुद्द वॉल्टरच स्कायलरला सांगतो की हे सगळे मी स्वतःसाठी केले, मला ते आवडत होते. पाच वर्षे त्याचे वकीलपत्र घेतलेल्या लोकांचा अशिलानेच असा मुखभंग केला.

मराठी माणसाला हे सगळे नवीन आहे का?

मुळीच नाही. आपण कर्णावर प्रेम करणारी माणसे आहोत. 1988 ते 1990 या काळात दूरदर्शनवर ‘महाभारत’ लागले तेव्हा पंकज धीर यांच्या कर्णासाठी घरोघरी जीव हळहळत असे. आणि हाच कर्ण द्यूतसभेत द्रौपदीची विटंबना होत असताना गप्प तर राहिलाच नाही, उलट तिच्याविषयी वाटेल ते बोलला. अभिमन्यूला घेरून मारणाऱ्या महारथींतही तो होता. हे माहीत नसलेला मराठी वाचक विरळा. तरीही सूतपुत्र म्हणून झालेला अपमान, आईने नदीत सोडून देणे आणि कवचकुंडलांचे दान हे सारे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पडते आणि पारडे झुकते.

1967 या एकाच वर्षी मराठीत या प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने कर्णाला बोलते केले आणि वाचक त्याच्या सोबत चालू लागले, इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’ने त्याच कर्णाकडे हातभर अंतरावरून पाहिले आणि त्याच्या वागण्याला सवलत दिली नाही. दोन्ही पुस्तके आजही विकली जातात, आणि पुष्कळ घरांत ती एकाच फळीवर असतात. माझ्याही घरात आहेत.

नायकाने स्वतःच कबुली दिली तर प्रेक्षक नरमतात का?

बहुतेक वेळा. ‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’च्या एप्रिल 1998 मधल्या एका भागात कॅप्टन सिस्को युद्ध हरू नये म्हणून खोटा पुरावा तयार करतो, त्यातून एका परकीय सिनेटरचा खून होतो आणि तटस्थ राष्ट्र युद्धात ओढले जाते. सारा भाग म्हणजे कॅमेऱ्याकडे पाहून दिलेली त्याची जबानी आहे. आपण या ओझ्यासह जगू शकतो असे तो म्हणतो, आणि शेवटी ती नोंद पुसून टाकतो. नीतिमान नायकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या मालिकेत हे घडूनही चाहते हा भाग सर्वोत्तम भागांत गणतात. सिस्कोने स्वतःला सूट दिली नाही असे म्हणता येत नाही, पण त्याने हिशेब मात्र आपल्यासमोर मांडला.

“हे पात्र असे वागूच शकत नाही” ही तक्रार कितपत खरी असते?

कधी खरी, कधी पळवाट. डेनेरिसच्या प्रसंगानंतर आठवे पर्व नव्याने लिहावे या मागणीच्या ऑनलाइन अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. त्यांतल्या पुष्कळांचा आक्षेप तिच्या क्रौर्याला नव्हता, घाईला होता, आणि तो मला रास्त वाटतो. शेवटच्या पर्वात सहाच भाग होते.

आपल्या रोजच्या मालिकांचा प्रश्न वेगळा आहे. टीआरपीचे आकडे दर आठवड्याला येतात आणि त्यांकडे पाहून ट्रॅक वळवले जातात. अशा वेळी काल देवभोळा असलेला नायक आज बायकोवर संशय घेतो आणि पंधरा दिवसांनी काहीच न घडल्यासारखा पाया पडतो, तेव्हा प्रेक्षक म्हणतात, “मालिका भरकटली.” हे नैतिक मत नाही. दुकानदाराने माप मारले, अशा स्वरूपाची ती तक्रार आहे.

पडद्यावरच्या चुकीला टाळ्या वाजवल्याने प्रत्यक्षात माणसे बिघडतात का?

सरसकट तसे म्हणता येणार नाही. पण एक प्रसंग विसरण्यासारखा नाही. ‘24’ या अमेरिकी मालिकेत जॅक बाउर हा नायक घातपात रोखण्यासाठी संशयितांचा छळ करतो आणि बहुतेक वेळा त्याला माहिती मिळते. नोव्हेंबर 2006 मध्ये वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीचे डीन, ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन, अनुभवी चौकशी अधिकाऱ्यांना घेऊन मालिकेच्या चमूला भेटायला कॅलिफोर्नियात गेले. मालिका पाहून आपल्या छात्रांना छळ योग्य वाटू लागला आहे, अशी त्यांची तक्रार होती. इथेही मुद्दा नायक चुकला हा नव्हता. ती चूक दर वेळी फळाला येते असे मालिका सांगत होती, हा होता.

नकारात्मक भूमिका करणाऱ्या कलाकारांना लोक खरोखर बोलतात का?

बोलतात, आणि ही जुनी रीत आहे. पाटील, सरपंच, सावकार रंगवणाऱ्या निळू फुल्यांना गावोगावच्या बायका शिव्याशाप देत, आणि प्रत्यक्षातला हा अत्यंत सज्जन, सामाजिक कामात रमणारा माणूस ती आपल्या कामाची पावती मानत असे. आज शिव्या थेट मोबाइलवर, रात्री दोन वाजताही पोहोचतात आणि त्या देणाऱ्याचा चेहरा दिसत नाही; त्यामुळे त्यांना पावती समजा असा सल्ला आजच्या कलाकारांना देण्याचे धाडस मी करणार नाही.

मालिका संपल्यानंतर प्रेक्षकांचे मत बदलते का?

दुसऱ्यांदा पाहताना हमखास बदलते, कारण शेवट माहीत असतो आणि नायक सुटेल का या काळजीतून मन मोकळे झालेले असते. ‘ब्रेकिंग बॅड’ पुन्हा पाहणाऱ्यांपैकी अनेकांना स्कायलर बरोबर होती असे वाटू लागते. 2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘महाभारत’ पुन्हा दाखवले, तेव्हा लहानपणी श्रीकृष्णाच्या सुदर्शनचक्राकडे पाहत बसलेल्या पिढीने द्यूतसभेचे भाग या वेळी अस्वस्थ होऊन पाहिले, आणि धर्मराजाने बायको पणाला लावली यावर त्या घरांत बऱ्याच रात्री वाद चालले.

आत्याने त्याच टाळेबंदीत भाचीकडून मोबाइलवर ‘तुला पाहते रे’चे पहिले भाग लावून घेतले. विक्रांत आणि ईशाच्या सुरुवातीच्या भेटी, ज्या पाहून ती कधीकाळी लाजली होती, त्या आता तिने चष्मा लावून, फोन नाकाजवळ धरून, प्रत्येक वाक्य तपासत पाहिल्या. मध्येच तिने भाग थांबवायला सांगितला आणि विक्रांतच्या हसऱ्या चेहऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “बघ, डोळे हसत नाहीयेत.” मी पाहिले. मला तरी ते हसताना दिसत होते.